कॉल ऑफ म्हणजे पुढे ढकलणे

"सर, जरा भायेर या," बापू दारातून म्हणाले, आणि मी फळ्यावरचं वाक्य अर्धवट टाकून बाहेर आलो.

बापू नार्वेकरांचा आडखोलच्या एसटी थांब्यावर टेलिफोन बूथ होता. पंचक्रोशीत फॅक्सचं यंत्र एकच, ते त्यांच्याकडे. बूथ सोडून हा माणूस जेवायलासुद्धा घरी जात नसे. तो भर तासाला टेकडी चढून शाळेत आला, म्हणजे काहीतरी झालेलं होतं. त्यांच्यामागे व्हरांड्याच्या पायरीवर वैजयंती तोडणकर उभ्या होत्या. छत्री मिटलेली होती, पण ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि पाणी त्यांच्याच पावलांवर गळत होतं.

"कंपनीचा कागद आलाय," बापू म्हणाले. "सगळा इंग्लिश. मी म्हटलं वैनीला, मी अर्धामुर्धा वाचून सांगण्यापेक्षा सरांकडंच जाऊया. ते काना-मात्रा चुकायचे नायत."

कोणती कंपनी, हे मला विचारावं लागलं नाही. चार दिवसांपूर्वी ओमानच्या समुद्रात एक टग वादळात उलटली होती. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून नेणारी लहान बोट. तिच्यावर सात माणसं होती. चौघांना दुसऱ्या एका जहाजानं उचललं, तिघांचा पत्ता नव्हता. त्या तिघांत वैजयंतीवहिनींचे यजमान होते, जनार्दन तोडणकर. अकरा वर्षं खलाशी म्हणून जात होते. कंपनी दुबईची, माणसं भरणारा एजंट मुंबईचा. कंपनीच्या दोन बोटी शोध घेताहेत, एवढं त्या एजंटानं बापूंच्या बूथवर फोन करून कळवलं होतं, आणि त्यानंतर त्याच्या ऑफिसात फोन लावला की कोणीतरी पोरगा "साहब बाहर गया है" म्हणून ठेवून देत होता.

माझ्या पाठीमागे, दहावीच्या वर्गात, दुसऱ्या बाकावर त्यांची मुलगी निशिगंधा बसलेली होती. ती खिडकीतून आमच्याकडे बघत होती, हे मला न वळताही कळत होतं.

मी कागद घेतला. अकरा ओळी होत्या. सुरुवातीला कंपनीला अतिशय दुःख वगैरे झालं होतं. मग बोटीचं नाव, तिघांची नावं, त्यांच्या पासपोर्टचे नंबर. सहाव्या-सातव्या ओळीत ते वाक्य होतं: सर्च हॅज बीन कॉल्ड ऑफ. तारीख कालची होती. त्याच्या खाली आणखी एक लांबलचक, वकिली वळणाचं वाक्य होतं. ते मी वाचलं आणि कागद खाली केला.

"काय लिवलानी हाय, सर?"

तेव्हा मी वर पाहिलं. पाहायला नको होतं. वहिनींनी शाळेत यायचं म्हणून धुवट साडी नेसली होती, कपाळावरचं कुंकू ठसठशीत नव्यानं लावलेलं होतं. इतकी नीटनेटकी होऊन ती बाई माझ्याकडे एक वाक्य ऐकायला आली होती.

"शोध पुढे ढकललाय," मी म्हणालो.

"पुढं ढकललानी?"

"तिकडे हवा फार खराब आहे. बोटींनाच धोका आहे. म्हणून सध्या पुढे ढकललाय."

"म्हंजे बंद नाय ना केलानी?"

"नाही."

"हवा सुधारली की परत जातील?"

"जातील ना."

त्यांनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला. कागद माझ्या हातून घेतला, चार घड्या घातल्या आणि रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. "येते," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. छत्री उघडायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

बापू क्षणभर मागे रेंगाळले. "बरं झालं, सर. बंद केलानी असता तर काय खरं नव्हतं. ही बाय साधी नाय हां. एकदा बसली की उठत नाय. आमच्या बंदराला विचारा."

मी ते गावगप्पांत काढलं. आम्ही घाटावरचे. कोकणात दोन वर्षं काढली तरी इथली निम्मी बोलणी आमच्या डोक्यावरून जातात, आणि जी जातात ती विचारून घ्यायचा आम्हाला कमीपणा वाटतो.

मी ते दयेपोटी केलं, असं पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला भीती वाटली. ती बाई तिथल्या तिथे कोसळेल, किंवा ओरडेल, आणि मागे वर्गातून तिची मुलगी धावत येईल, आणि मला त्या दोघींच्या मध्ये उभं राहावं लागेल, याची भीती. कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे; 'ऑफ' दोन्हींत होताच. मी फक्त त्याच्या आधीचा शब्द बदलला.

आता हे कोणी केलं, तर ज्यानं आयुष्यात दुसऱ्याची एक चूक पोटात घातली नव्हती त्यानं. मी बार्शीकडचा. एमए, बीएड करून इंग्रजीचा शिक्षक म्हणून आडखोलच्या हायस्कुलात लागलो, तेव्हा इथली पोरं 'लुक आफ्टर'चा अर्थ 'नंतर बघणे' असा लिहीत. मी पेटून उठलो. वर्गाच्या तिन्ही भिंतींवर मी अशा जोडक्रियापदांचे तक्ते लावले. गेट, पुट, लुक, टेक, एकेकाचा संसार वेगळा. त्यांतला 'ऑफ'चा तक्ता सर्वांत मोठा, म्हणून पोरांनी माझं नाव ठेवलं 'ऑफसर'. मला ते कळलं तेव्हा राग यायला हवा होता. पण मनातून मी खूषच झालो होतो.

शिकवायचो मात्र मराठीतूनच. पहिल्याच तासाला फळ्यावर 'वाट' असा एकच शब्द लिहायचा आणि पोरांना विचारायचं. वाट पाहणे. वाट चुकणे. वाट लागणे. वाटेला लावणे. वाट लावणे. पोरं हसायची. मग मी म्हणायचो, "शब्द तोच, पण पुढचं क्रियापद बदललं की माणूस कुठल्या कुठे जातो. इंग्रजीत मागचं शेपूट बदललं की तेच होतं. म्हणून शेपटाकडे लक्ष द्या." निशिगंधा त्या वर्षी पहिल्या तासाला उभी राहून म्हणाली होती, "सर, 'वाटेला डोळे लावणे' राहिलं." बापाच्या पत्राची वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या घरातली मुलगी ती, तिला नाही सुचणार तर कुणाला. मी तिला वर्गात शाबासकी दिली होती.

मी फळ्यावर लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. माझ्यावर विश्वास ठेवून कोणी कधी शब्दकोश उघडला नाही. शाळेच्या कपाटात एक जाडजूड होता, त्याला वाळवी लागू नये म्हणून शिपाई वर्षातून एकदा तो उन्हात ठेवी, एवढाच त्याचा उपयोग.

फॅक्स आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बापूंच्या बूथवर गावाकडे फोन लावायला गेलो, तर ते खुशीत होते.

"काय जादू केलीत हो, सर? वैनी चार दिस चुलीपुढं बसून होती. अन्नाला शिवत नव्हती. परवा तुमच्याकडनं आली ती जी उठली, तिनं घर धुतलान, त्याचे कपडे पेटीतनं काढून वाऱ्यावर टाकलान, आणि काल दिवसभर ओटी सारवत होती. पावसात सुकत नाय तरी. म्हणते, शोध लागेल तर माणूस येईल, घर असं ठेवून कसं चालेल."

मी बार्शीला फोन न लावताच परत आलो. पण खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं. एका शब्दानं बाई उठून कामाला लागली. एवढी किमया माझ्या शिकवण्यानं वर्गात कधी झाली नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दहावीला 'ऑफ'चा तक्ता शिकवायचा आला. टेक ऑफ, सेट ऑफ, सी ऑफ, पुट ऑफ. चौथ्यावर मी थांबलो आणि खडू खाली ठेवला. 'कॉल ऑफ' तक्त्यावर होतं, पण दहाव्या ओळीत बारीक अक्षरात, अर्थाशिवाय, आणि मी तिथे छडी नेली नाही.

निशिगंधानं हात वर केला.

"सर, कॉल ऑफ राहिलं."

"ते पुढच्या वेळी."

"आमच्या घरी एका कागदात आहे, सर. म्हणून विचारलं."

वर्गात बत्तीस मुलं होती. आडखोलच्या चारही वाड्यांतली, आणि बापूंचा पुतण्या पहिल्या बाकावर. कोणाच्या घरी कोणता कागद आहे, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी 'रद्द करणे' म्हणालो असतो, तर शाळा सुटल्यावर तो शब्द निशिगंधाच्या आधी तिच्या घरी पोचला असता. मी खडू उचलला, फळ्याकडे वळलो आणि लिहिलं: कॉल ऑफ म्हणजे पुढे ढकलणे. खाली रेघही मारली.

"आणि सर, मग पुट ऑफ?" बापूंच्या पुतण्यानं विचारलं.

"तेही तेच. एका अर्थाचे दोन शब्द असतात. मराठीत नाही का, पाणी आणि जल."

बत्तीस मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. एक खोटं लपवायला शंभर खोटी बोलावी लागतात म्हणतात. माझं दुसऱ्याच फेरीत बत्तीस वह्यांत गेलं होतं.

सप्टेंबर संपला. ऑक्टोबरचं ऊन पडलं, खाडीतल्या होड्या पुन्हा बाहेर जायला लागल्या. एका सकाळी शाळेच्या फाटकाशी वैजयंतीवहिनी उभ्या होत्या.

"सर, दर्या निवला," त्या म्हणाल्या. "आमची माणसं जायला लागली. तिकडचा पण निवला असंल ना?"

"असेल."

"मग शोध कधी चालू करतील? एजंटाचा फोन लागत नाय आता. नंबरच बंद म्हणतो बापू."

"मी कंपनीला पत्र टाकतो," मी म्हणालो. "इंग्रजीतून. विचारतो त्यांना."

"टाका. आणि टाकलंत की मला सांगा." त्यांनी पदराखालून एक कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. वाळवलेल्या कोकमाची सोलं होती. "घरची हायत. रिकाम्या हातानं कुणाला काम सांगू नये."

मी पुडी घेतली. पत्र टाकलं नाही, कारण उत्तर माझ्याकडे ऑगस्टपासूनच होतं. ती सोलं मी माझ्या आमटीत घातली आणि पंधरा दिवस खाल्ली.

सहामाहीचे पेपर तालुक्याहून छापून येत. ते कोण काढतं, हे आम्हालाही माहीत नसे. इंग्रजीचा पेपर झाला आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी दुपारी शिक्षकांच्या खोलीत मी एकटा गठ्ठा घेऊन बसलो. तिसऱ्या प्रश्नात वाक्प्रचार वाक्यात वापरायला दिले होते. पाच होते, त्यांतला चौथा 'कॉल ऑफ'.

मुलांनी मास्तरांचं ऐकलं होतं. एकानं आडखोल-जांभूळवाडी क्रिकेटची मॅच रविवारपर्यंत कॉल ऑफ केली होती. एकीनं मावशीचं लग्न मे महिन्यापर्यंत कॉल ऑफ केलं होतं, कारण आजी वारली. बापूंच्या पुतण्यानं तर मोठ्या हुशारीनं सहामाही परीक्षाच दिवाळीनंतर कॉल ऑफ करून टाकली होती. तांबडं पेन हातात धरून मी एकेक वाक्य वाचत होतो. शिकवल्याप्रमाणं सगळी बरोबर होती, भाषेप्रमाणं सगळी चूक. पहिल्या पाचसहांना मी बरोबरची खूण केली. मग खूण करायचं सोडून नुसतीच पानं उलटत राहिलो.

निशिगंधाचा पेपर शेवटून तिसरा होता. तिचं अक्षर लहान, सरळ. चौथ्या वाक्यात तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, की माझ्या वडिलांचा शोध एकोणीस ऑगस्टला कॉल ऑफ केला गेला. पुढे 'पर्यंत' नव्हतं, नवी तारीख नव्हती. वाक्य पूर्ण होऊन पूर्णविराम दिलेला होता. आणि खाली, समासाच्या कडेला, पेन्सिलीनं मराठीत: सर, बरोबर असेल तर बरोबरची खूण करा.

शिपाई खिडक्या लावायला आला, मला बघून परत गेला. शेवटी मी खूण केली. मग गठ्ठा पहिल्यापासून घेतला आणि बाकीच्या एकतीस जणांच्या त्या वाक्यावर फुली मारली. पहिल्या पाचसहांवर खुणेवरूनच फुली मारावी लागली.

निशिगंधा पुस्तकं परत करायला आली होती, ती त्याच दुपारी शब्दकोशाच्या कपाटाशी मला भेटली.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही शिकवलंत त्याच दिवशी." ती कपाटाकडे बघत बोलत होती. "तुम्ही नेहमी आमच्याकडे बघून बोलता, सर. तेव्हा फळ्याकडे बघून बोललात. मग मधल्या सुट्टीत मी हा शब्दकोश काढला."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? सगळे म्हणतात, सर चुकत नाहीत. मला वाटलं, मीच चुकीचं पान बघितलं. चार वेळा बघितलं." ती थोडी थांबली. "आणि आई जेवत होती ना, सर. तुमच्याकडनं कागद वाचून आली तेव्हापासून ती जेवत होती."

मग ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"बाबा गेले ना, सर?"

"हो," मी म्हणालो. दोन महिन्यांत त्या घराशी मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

ती रडेल असं वाटलं. तिनं फक्त पुस्तकं एकावर एक नीट लावली, शेवटचं जरा बाहेर येत होतं ते आत ढकललं. मग म्हणाली, "आईला तुमीच सांगा. मला नाय जमनार." माझ्याशी ती एरवी कधी घरच्या बोलीत बोलत नसे.

तोडणकरांचं घर खाडीच्या अंगाला, चार पायऱ्या चढून ओटी. आम्ही पोचलो तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. ओटी स्वच्छ सारवलेली, कोपऱ्यात चटई गुंडाळून उभी केलेली, खुंटीवर पुरुषाचा धुतलेला शर्ट. वहिनी आतून पदराला हात पुसत आल्या.

"आलं का कंपनीचं उत्तर?" त्यांनी विचारलं.

मी चपला काढल्या आणि पायरीवरच उभा राहिलो. वाटेत मी चार-पाच सुरुवाती ठरवल्या होत्या, त्यांतली एकही तोंडातून निघाली नाही.

"वहिनी, मी तुम्हाला कागद चुकीचा वाचून दाखवला. शोध पुढे ढकलला नव्हता. बंद केला होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलीकडे बघितलं. निशिगंधानं मान खाली घातली, तेवढ्यानं त्यांना समजलं.

"कधी बंद केलानी?"

"कागद आला त्याच्या आदल्या दिवशी."

त्या ओटीवर खाली बसल्या. एकदम नाही, भिंतीला हात लावून, सावकाश. त्या कोसळतील, ओरडतील, याची मी वाट बघत होतो. ज्याला भिऊन मी हे सगळं केलं होतं, ते झालंच नाही.

"मी तुमाला इचारलं होतं," त्या म्हणाल्या. "बंद नाय ना केलानी, असं इचारलं होतं. का नाय?"

"विचारलं होतंत."

"तुमी नाय म्हणालात."

"हो."

"का?"

"तुमच्याकडे बघून मला धीर झाला नाही."

"माझ्याकडं बघून," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. उलट एखाद्या अडाणी माणसाला समजावून सांगावं तसा खाली आला होता. "सर, तुमी गावात यायच्या आधीची गोष्ट. आमच्या वाडीतली एक होडी गेली, चार माणसं होती. तिसऱ्या दिवशी शोध बंद केलानी. बंद केला म्हणून कळलं, तशा आमी अकरा बाया बंदरावरच्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. साहेबाला आत जाऊ दिलं नाय, भायेर येऊ दिलं नाय. दुसऱ्या दिवशी दुपारी परत बोटी सोडलानी. पाचव्या दिवशी दोघं मिळाले. रिकाम्या पिंपाला धरून होते. जिते."

बापूंचं बोलणं मला तेव्हा आठवलं. एकदा बसली की उठत नाय. आमच्या बंदराला विचारा. ते मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"पुढं ढकलला म्हटल्यावर माणूस वाट बघतो, सर," त्या म्हणाल्या. "बंद केला म्हटल्यावर उठतो. मी उठले असते. त्या एजंटाच्या दारात जाऊन बसले असते. माझा भाऊ हाय मुंबईला. बाकीच्या दोघांच्या बायका असतील कुठं, त्यांना शोधून काढलं असतं. ते मिळाले असते का नसते, ते तुमालाही ठावं नाय आणि मलाही नाय. पण मी बसले नसते."

आज या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. दिवाळीनंतर मी वर्गात फळ्यावर चूक दुरुस्त केली, मुलांची माफी मागितली. वर्षाअखेर ती शाळा सोडली. निशिगंधाला दहावीला इंग्रजीत वर्गात सर्वाधिक गुण पडले, हे मला बापूंकडून कळलं. पुढे आणखी बत्तीस शाळांत जाऊन मी हा शब्द नीट शिकवला असता, तरी त्या ओटीवरच्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे आलं नसतं. त्या संध्याकाळी मी अजून पायरीवरच होतो.

"कागद आन ग," त्या निशिगंधाला म्हणाल्या.

तिनं आतून प्लास्टिकची पिशवी आणली. कागद घड्यांवर झिजला होता, फॅक्सची शाई फिकी पडत चालली होती. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"आता पयल्यापासून वाचा. एक अक्षर सोडू नका."

मी वाचलं. एकेक वाक्य इंग्रजीत, मग मराठीत. कंपनीला झालेलं दुःख वाचलं. बोटीचं नाव, तिघांची नावं, पासपोर्टचे नंबर. शोध बंद करण्यात आला आहे, हे वाचलं. मग ते खालचं लांबलचक, वकिली वळणाचं वाक्य आलं, जे मी ऑगस्टमध्ये डोळ्यांखालून घातलं होतं आणि गिळलं होतं. शोधच पुढे ढकललाय म्हटल्यावर त्याचा काय उपयोग, असं मला तेव्हा वाटलं होतं. ते मी थांबत थांबत मराठीत आणलं. या निर्णयाबद्दल कुणा कुटुंबाचं काही म्हणणं असेल, तर त्यांनी हा कागद मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत एजंटाच्या मुंबईच्या ऑफिसात समक्ष यावं.

"ही ओळ तवा वाचली होती तुमी?"

"वाचली होती."

"अठ्ठेचाळीस तास म्हंजे किती दिस?"

मी कागद खाली केला. निशिगंधाच म्हणाली, "दोन, आई."

वहिनींनी खाली बघितलं. सारवलेल्या जमिनीवरून त्यांनी तळहात एकदा फिरवला, शेणाचे सगळे हात जुळून आलेत का ते बघावं तसा.

"ते दोन दिस मी ओटी सारवत होते, सर," त्या म्हणाल्या.